नखावरचा थेंब

विश्वास ही या पृथ्वीवरची सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे, ती ज्यानं जपली त्यानं जग जिंकलं, असं रुद्राप्पा आपल्या निवृत्तीच्या समारंभात माइकवरून म्हणाले होते. आणि खाली बसल्याबसल्या त्यांनी गळ्यातल्या हारातली एक पाकळी चिमटीत चुरगाळून ती खऱ्या फुलाची आहे का, हे बघून घेतलं होतं. खऱ्या फुलाची होती. तरी त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही, कारण मधले दोन झेंडू आदल्या दिवशी आणखी कुणाच्या तरी गळ्यात जाऊन आल्यासारखे वाटत होते. दूध संघात त्यांचं कामच संशय घेण्याचं होतं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर पहाटे जायचं, कॅनमधलं दूध ढवळायचं, नमुना काढायचा, लॅक्टोमीटर सोडायचा, फॅट लावायची आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडं असं बघायचं की, त्यानं पाणी घातलं नसलं तरी आपण घातलं की काय असं त्याला वाटावं. या कामाचा पगार मिळत होता, त्यामुळं हा त्यांचा स्वभाव आहे हे घरच्यांच्या ध्यानात यायला फार वर्षं लागली. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालू राहिलं. उपकरणं तेवढी गेली. अंगठा राहिला. दुधाचा एक थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर घ्यायचा आणि अंगठा तिरका करायचा. थेंब सावकाश उतरला आणि मागं पांढरी रेघ ठेवून गेला, तर दूध खरं. घाईनं घरंगळला आणि मागं काहीच ठेवलं नाही, तर पाणी. चन्नम्मा, म्हणजे त्यांची बायको, रोज संध्याकाळी दूध तापवून पेला त्यांच्या हातात देई, तेव्हाही ते हा थेंब घेत. तिच्यावर त्यांचा संशय नव्हता. थेंबावर होता. हा फरक त्यांनी तिला कधी समजावून सांगितला नव्हता, कारण तो उघड आहे असं त्यांना वाटत होतं.

अशा माणसाला रॉकच्या कार्यक्रमाला नेणं ही त्यांच्या मुलीची, शांभवीची कल्पना. ती इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि आईवडिलांनी घराबाहेर पडावं असं तिला अधूनमधून वाटतं. "आप्पा, चला की. सोमेश कबनूरकर येतोय. स्वतः लिहितो, स्वतः गातो. तुम्हाला आवडेल," ती म्हणाली, आणि 'तुम्हाला आवडेल' या दोन शब्दांनीच रुद्राप्पा सावध झाले. त्यांना काय आवडतं याची चौकशी त्या घरात आजवर झालेली नव्हती. शिवाय कबनूर हे चन्नम्माचं माहेर. पण चन्नम्मा आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली, आणि तो नेमका त्याच संध्याकाळी दुखायला लागला, हेही रुद्राप्पांनी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिलं. कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. जिथं एरवी नवरानवरी बसतात तिथं ढोलांचा ढीग मांडलेला. सोमेश हाडकुळा, दाढी वाढलेला, गळ्यात गिटार, आणि पायापाशी बटणांची एक फळी. गाता गाता तो पायानं बटणं दाबत होता. बटण दाबलं की गिटारचा आवाज जाड व्हायचा. हे बघून रुद्राप्पांना थेट कोडोलीचं केंद्र आठवलं. तिथल्या एकानं दुधाला घट्टपणा यावा म्हणून काय काय घातलं होतं ते आठवलं. म्हणजे मिसळतोय. प्रत्येक गाण्याआधी तो तारा पिळत होता, म्हणजे घरून नीट लावून आणल्या नव्हत्या. ओठ आणि शब्द एकाच वेळी हलतात का, तेही त्यांनी पुढं झुकून बघितलं. हलत होते. पोरंपोरी खुर्च्यांवर उभी राहून गात होती, आणि आपण या वयात कानात बोळे न घालता इथं बसलोय याचा त्यांना थोडासा अभिमानही वाटायला लागला होता. तेवढ्यात ते गाणं आलं.

सोमेशनं ढोल थांबवले आणि नुसत्या गिटारवर, बोलल्यासारखं, म्हणाला:

थेंब घेतो नखावर, थेंब खाली येतोय,
घरच्या म्हशीचं दूधबी पावणा बघून पितोय.

हॉल हसला. हे गाणं लोकांना पाठ होतं. हसायची जागाही पाठ होती. रुद्राप्पांचा डावा हात आपोआप खिशात गेला आणि चार बोटांनी अंगठा आत दडवून घेतला. गाणं पुढं चाललं होतं. सासुरवाडीच्या घराचा पुढचा सोपा, दारात दाटलेल्या बायका, पितळी पेला, नवा जावई, आणि मग ढोल पुन्हा सुरू व्हायच्या आधीची ती ओळ, जिथं सोमेशनं तोंड माइकपासून बाजूला घेतलं आणि आवाज बारीक, लांबून आल्यासारखा झाला:

तिनं पदर लावला तोंडाला, हसली का रडली, कोण बघतोय,
पावण्याचं ध्यान थेंबाकडं.

आणि मग अख्खा हॉल, छप्पर उडेल अशा आवाजात: एकदा न बघता पी की पावण्या, एकदा न बघता पी. शांभवीही ओरडत होती. तिनं वडिलांकडं एकदाही बघितलं नाही. इतका वेळ दर गाण्याला बघत होती आणि नेमकं या गाण्याला नाही. न बघणं हे काही वेळा बघण्यापेक्षा जास्त असतं, हे संशयाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. रुद्राप्पा मात्र त्या मंगल कार्यालयात उरलेच नव्हते. ते कबनूरच्या सोप्यात बसले होते, अंगात लग्नातलाच शर्ट, नोकरी नुकती लागलेली, अंगठ्याची ती खोड त्याहून नुकती लागलेली. लग्नानंतरची पहिली खेप. शेजारच्या घरांतून यंत्रमागांचा खटकखटक आवाज येत होता, भिंत थरथरत होती, पेल्यातल्या दुधावर बारीक वर्तुळं उठत होती. पेला चन्नम्मानंच आणून दिला होता. दारात तिची थोरली बहीण अक्का आणि गल्लीतल्या सगळ्या बायका. त्यांनी थेंब घेतला. कुणावर संशय म्हणून नव्हे. सवयीनं, पावणा पान खातो तसं. थेंब सावकाश उतरला होता. उत्तम दूध होतं ते, म्हशीचं, सातच्या वर फॅट असलेलं, आणि त्यांनी कौतुकानं मानही हलवली होती. मग त्यांनी वर बघितलं तेव्हा चन्नम्मानं पदर तोंडाला लावला होता आणि ती आत निघाली होती. तेवढंच. पुढं त्यांनी दूध पिऊन टाकलं. इतकी वर्षं त्या आठवणीत त्यांना फक्त दूध आठवत आलं होतं. पदर आजच दिसला, तोही दुसऱ्याच्या गाण्यात.

"कसं वाटलं, आप्पा?" गाडीत बसताना शांभवीनं विचारलं.

"ढोल लई मोठा. एक अक्षर कळलं न्हाय."

"एकही नाही?"

"गिटार वाजवतोय का लाकूड कापतोय, तेवढं सांग."

ती हसली, आणि त्या हसण्यात सुटका होती. सुटका कसली, हे त्यांना त्या वेळी कळलं नाही. पण पुढचे कितीतरी दिवस ते त्याच्यावर विचार करत राहिले. गाण्यातला माणूस आपणच, यात त्यांना शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की नमुना कुणी दिला. शांभवी त्या खेपेला जन्मलेली नव्हती. पदराची गोष्ट तर फक्त जिचा पदर तीच सांगू शकते. म्हणजे चन्नम्मा. म्हणजे ती माहेरी बसून कधीतरी कुणाला तरी हे सांगून हसली, किंवा रडली. आणि ते ऐकून सोमेशनं गाणं रचलं. आणि आता जिल्ह्यातली पोरं खुर्च्यांवर उभी राहून त्यांच्या संसाराचा निकाल ओरडून सांगतात. त्यांना लोकांच्या हसण्याचं एवढं काही वाटत नव्हतं. केंद्रावरचे लोक त्यांच्या पाठीमागं हसत, ते त्यांना ठाऊक होतं, अंबूबाई म्हणून कोडोलीची एक बाई तर तोंडावर म्हणाली होती, "पाणी म्हशीनंच घातलं असंल, सायेब. लई पाणी पिती ती." त्याचं काही नाही. पण ज्या बाईच्या हातचं आपण रोज पितो तिनं त्या पहिल्या पेल्यापासून आपल्याला नापास केलेलं असेल आणि तसं कधी सांगितलं नसेल, तर मग आपण इतकी वर्षं नेमकं कुठं राहत होतो, असा विचार त्यांच्या मनात येई आणि ते उठून उगीच गॅसची शेगडी बंद आहे का बघून येत.

पुरावेही मिळत गेले. ते स्वयंपाकघरात गेले की चन्नम्मा मोबाइल पालथा घाले. पूर्वी ती मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून पोळ्या लाटायची. आता ते घरात असले की घर मुकं. अक्काचा फोन आला की ती गॅलरीत जाऊन कानडीत बोले. रुद्राप्पांचं घराणं दोन पिढ्या कोल्हापुरातलं; कानडी त्यांना पूजेपुरती आणि भांडणापुरती येई. ओल्या टॉवेलच्या आडून त्यांना तिचं एवढंच ऐकू येई: "ब्याड अक्का, ब्याड." नको. नको, नको. काय नको? आणखी एकदा ऐकलं तेव्हा त्यात 'हाडू' हा शब्द होता, आणि हाडू म्हणजे गाणं, हे त्यांना नेमकं येत होतं. गाणं नको. म्हणजे गाण्याबद्दल बोलणं चाललंय. म्हणजे आणखी कडवं पाठवायचं चाललंय आणि ही तोंडदेखलं नको म्हणतेय. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "अक्का काय म्हणतीया?" तर चन्नम्मा म्हणाली, "काय न्हाय. गुडघ्याला तेल कुठलं लावू, इचारत हुते." गुडघ्याला कानडीत हाडू म्हणत नाहीत. त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळचा पेला हातात आल्यावर थेंब जरा जास्तच वेळ बघितला.

मग ते कार्यक्रमांना जायला लागले. पुरावा गोळा करायला, असं ते स्वतःला म्हणत. घरी सांगत, गंगावेशीतल्या कट्ट्यावर दूध प्यायला जातो. तिथं संध्याकाळी म्हशी रस्त्यावर आणतात आणि डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देतात. जगातलं एवढंच एक दूध रुद्राप्पा थेंब न घेता पीत असत, त्यामुळं ही थाप कुणालाही खरी वाटावी अशी होती. दुसऱ्यांदा ते जयसिंगपूरला एका कॉलेजच्या गॅदरिंगला गेले. तिथं सोमेशनं ते गाणं दुप्पट वेगानं म्हटलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि पदराची ओळ त्या गोंधळात कुठं गेली ते कळलंही नाही. रुद्राप्पा चिडले. आपली बदनामी निदान नीट ऐकू तरी यावी, एवढी त्यांची अपेक्षा होती. त्यांनी मनात फॅट लावली: साडेतीन, गाईचं. पण त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की, तोंड माइकपासून बाजूला घ्यायची ती युक्ती सोमेशनं इथं केलीच नाही. म्हणजे ती युक्ती नव्हती? की युक्तीच होती आणि विसरला? तिसऱ्यांदा त्यांनी ती टिपायचीच असं ठरवलं. राजारामपुरीतल्या एका कॉफीच्या दुकानात तो एकटा गिटार घेऊन बसला होता, बटणांची फळी नाही, ढोल नाहीत, वीसेक माणसं आणि कॉफीचं यंत्र मध्येच फुसफुसणारं. इथं मिसळायला काही नव्हतंच. इथं धार डोळ्यांदेखत होती. गाण्याआधी त्यानं तारा पिळल्या तेव्हा रुद्राप्पांना पहिल्यांदा दिसलं की तारा हवेनं सैल पडतात, त्या त्याच वेळी, त्याच हवेत लावाव्या लागतात, घरून लावून आणण्याची गोष्टच ती नव्हे; आणि हे आपल्याला आधी सुचलं नाही याची त्यांना चुटपुट लागली. "हसली का रडली" इथं येऊन सोमेश थांबला. नुसता थांबला. तार अजून थरथरत होती, कॉफीचं यंत्रही गप्प झालं, आणि तो पुढची ओळ म्हणेचना, जणू तो तिच्या उत्तराची वाट बघत होता. कुणी हसलं नाही. शेजारच्या टेबलावरची एक बाई कपातल्या दुधाच्या सायीकडं बघत बसली होती. रुद्राप्पांनी कॉफीचा कप उचलला आणि रिकामा करून ठेवला. कॉफी त्यांनी बघितली नव्हती. हे नंतर, रिक्षात बसल्यावर, त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते दचकले.

त्यानंतर ते चटावले, असंच म्हणायला पाहिजे, कारण पुरावा केव्हाच पुरेसा झाला होता. घरी त्यांनी शांभवीच्या जुन्या हेडफोनमधून रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकून बघितलं. ते पिशवीतल्या दुधासारखं होतं, सगळीकडं सारखं, साय न धरणारं. खऱ्या कार्यक्रमात मात्र तेच गाणं रोज वेगळ्या म्हशीचं असायचं. सोमेश कधी पदराशी रागावायचा, कधी पावण्याशी. एकदा तर थेंबावरच रागावला. ढोलवाला मागाच्या लयीत वाजवतो, खटकखटक, धोटा इकडून तिकडं जावा तसा, हे त्यांना चौथ्या की पाचव्या खेपेला ऐकू आलं आणि त्या सोप्याची भिंत त्यांच्या पाठीला पुन्हा थरथरली. आपल्याला हा माणूस आवडतोय, ही गोष्ट रुद्राप्पांना सर्वांत संशयास्पद वाटली. ज्यानं आपला नमुना बाटलीत भरून गावभर फिरवला त्याच्या आवाजाची आपण वाट बघतो, शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना "शू" करतो, ही काय भानगड आहे? कार्यक्रमाहून आलं की कान बसलेले असायचे आणि ते घरात मोठमोठ्यानं बोलत.

"कट्ट्यावर म्हशी वाढल्या वाटतं," चन्नम्मा म्हणाली.

"का?"

"वरडून बोलतायसा म्हणून म्हटलं."

शेवटी कबनूरच्या कार्यक्रमाचा फलक दिसला आणि त्यांना एकदम सगळं सुचलं. सोमेशच्याच गावात, शाळेच्या पटांगणावर. चन्नम्माला पुढच्या रांगेत बसवायचं. ती ओळ आली की गाण्याकडं बघायचं नाही, ढोलाकडं बघायचं नाही, तिच्याकडं बघायचं. चेहरा हा शेवटी थेंबच; तिरका झाला की कळतं. "लई दिवस अक्काकडं गेलो न्हाय," ते जेवताना म्हणाले. "कार्यक्रमबी हाय म्हणं तिथं कसला तरी." चन्नम्माचा घास हातातच राहिला. तिनं गुडघा काढला, पाहुणे येणार असल्याचं काढलं, शांभवीला एकटं ठेवून कसं जायचं हे काढलं. शांभवी त्या वेळी चाळिशीकडं निघाली होती. मग चन्नम्मा गॅलरीत गेली, आणि आतून त्यांना "ब्याड" इतक्या वेळा ऐकू आलं की आता आपला वहीम पक्का झाला, असं समजून रुद्राप्पांनी ताटातली कोशिंबीर एका दमात संपवली.

कबनूरला मागांना त्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळं गाव बहिरं झाल्यासारखं वाटत होतं. पटांगण भरलं होतं. अक्कानं पुढच्या रांगेत खुर्च्या धरून ठेवल्या होत्या; रुद्राप्पांना तिनं अगदी मधली दिली, आणि येणारीजाणारी माणसं "पावणं, बरं हाय न्हवं?" म्हणत वाकून जात होती. एवढी चौकशी लग्नातही झाली नव्हती. सोमेश आला, आणि स्वतःच्या गावात तो असा गायला की रुद्राप्पा आपण कशाला आलोय ते मधूनमधून विसरत होते. मागावर काम करून बापाचा एक कान गेला त्याचं गाणं त्यानं म्हटलं. गाता गाता खाली उतरून एका म्हाताऱ्याच्या दुसऱ्या कानाशी जाऊन त्यानं शेवटची ओळ म्हटली, माइकशिवाय, आणि पटांगणातल्या कुणालाही ती ऐकू आली नाही, तरी सगळे गप्प बसून ती ऐकत राहिले. सात, रुद्राप्पा मनात म्हणाले. सातच्या वर. मग मागून ओरडा सुरू झाला: "थेंब! थेंब!" रुद्राप्पांनी खुर्ची हळूच चन्नम्माच्या बाजूला वळवली. तिचे हात मांडीवर होते. सोमेशनं हात वर करून लोकांना गप्प केलं.

"ते गाणं आज न्हाय," तो माइकवर म्हणाला. "आज गल्लीचं पावणं बसल्यात."

आणि पटांगण वळलं. पुढच्या रांगेतली माणसं माना वळवून, मागची उभी राहून, बाजूची वाकून, सगळी रुद्राप्पांकडं बघायला लागली; हसत नव्हती, अदबीनं बघत होती, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "व्हय व्हय, जावयासमोर कसं म्हणायचं," असं मागून कुणीतरी समजूतदारपणे म्हणालंही. गल्लीच्या जावयाची पाठीमागं कितीही टिंगल करावी, समोर करू नये, ही तिथली रीत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सबंध कबनूरला, कधीपासून कोण जाणे. रुद्राप्पांना जमिनीत गडप व्हायला पाहिजे होतं. त्याऐवजी त्यांना जे वाटलं ते इतकं अनपेक्षित होतं की ते उठून उभेच राहिले. आजचा ढोल, आजचा गळा, मागांच्या या गावात, त्या सोप्यापासून हाकेच्या अंतरावर ते गाणं कसं झालं असतं, आणि ते आपल्यामुळंच कुणाला ऐकायला मिळणार नाही.

"म्हण की रं," ते म्हणाले.

सोमेशनं गिटार एका बाजूला सारून हात जोडले. "न्हाय जमायचं, मामा. चन्नाआत्यानं शपथ घातलीया."

रुद्राप्पा वळले. चन्नम्मानं पदर तोंडाला लावला होता. या वेळी ते बघत होते, डोळे फाडून, सरळ, थेंबबिंब काही मध्ये नसताना. पण स्टेजवरचे दिवे तांबडे होऊन निळे झाले, निळे होऊन हिरवे झाले, आणि त्या रंगांत तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्यांना ठरवता आलं नाही. ढोल सुरू झाला. ते खाली बसले. पुढचं त्यांनी काही ऐकलं नाही, आणि सोमेश पुढंही फार चांगला गायला, असं दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते.

सकाळी अक्का विभूती लावून परसात फुलं काढत होती. माग सुरू झाले होते आणि सोप्याची भिंत पूर्वीसारखीच थरथरत होती. रुद्राप्पा त्याच कोपऱ्यात बसले होते. पाट गेला होता, तिथं प्लास्टिकची खुर्ची आली होती. चन्नम्मा भाजी निवडायला समोर बसली.

"तू सांगितलंस व्हय त्याला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मी कशाला सांगू? अक्कानं सांगितलं. चाळीस वर्सं सांगतीया, दर लग्नात. त्याच्या आईला तर पाठ हाय. त्या दिवशी ती दारातच उभी हुती की."

"मग फोनवर सारखं ब्याड, ब्याड?"

"हितं तुमच्यासमोर म्हणू नको, असं त्याला सांग, म्हटलं अक्काला. ती कवापासनं म्हणती, पावण्याला हितं गाणं ऐकवू, गंमत वाटंल. म्हटलं, ब्याड."

"मोबाइल पालथा घालत हुतीस."

"शांभवी म्हणाली, आप्पांस्नी एक अक्षर कळलं न्हाय. म्हटलं, बरं झालं. उगीच कशाला घरात वाजवायचं?" तिनं शेंगेची शीर ओढली. "मग तुमच्या मनगटाला ते कागदी पट्टं दिसलं. कट्ट्यावर म्हशीला बांधत्यात का माणसाला, इचारणार हुते."

रुद्राप्पांनी मनगट बघितलं. पट्टं अजून होतंच, काल रात्री कार्यक्रमाच्या दारात बांधलेलं, निळं. "मग मी ऐकून आलोय हे तुला ठावं हुतं. तरी हितं शपथ घातलीस?"

"भाईर हसू देत की. तिथं तुमाला कोण वळखतंय? ही माझी गल्ली हाय." तिनं आणखी एक शेंग उचलली. "माझ्या दारात माझ्या माणसाला हसलेलं मला चालत न्हाय. अक्का हसली तेवढं बास झालं."

आयुष्यभर त्यांनी ज्यांच्याकडं रोखून बघितलं त्या माणसांची आठवण त्यांना आली. त्यातले किती जण पाण्याबद्दल नव्हे तर भलत्याच कशाबद्दल घाबरून उभे असतील, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं. मग ज्याच्यासाठी ते इतके कार्यक्रम हिंडले होते तो प्रश्न, ढोल नसताना, दिवे नसताना, त्यांनी विचारला.

"त्या दिवशी तू हसलीस का रडलीस?"

"कवा?"

"पदर लावलास तवा. हितंच. त्या दारात."

चन्नम्मानं शेंगा बाजूला ठेवल्या आणि खरंच आठवून बघितलं. रुद्राप्पांना तो थांबा ओळखीचा होता. कॉफीच्या दुकानात सोमेश एवढाच थांबला होता.

"शिंक आलती," ती म्हणाली. "वेलदोडा लई घातलेला अक्कानं."

ती उठून आत गेली. शिंक. हे खरं असेल, किंवा त्यांच्यासाठी आत्ता, इथं, डोळ्यांदेखत बनवलेलं असेल. तपासायला काही नव्हतं. लॅक्टोमीटर नव्हता, नख नव्हतं, नमुना कधीच सांडून गेला होता. आणि गंमत अशी की त्यांना ते तपासावंसंही वाटेना. शिंक तर शिंक. छातीवरून काहीतरी सावकाश खाली उतरत गेलं आणि मागं एक पांढरी रेघ राहिली. चन्नम्मा पेला घेऊन आली. पितळी, तोच किंवा तसलाच. दुधावर मागांची बारीक वर्तुळं उठत होती. अक्का फुलं घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. रुद्राप्पांनी पेला उजव्या हातात घेतला, डावा अंगठा मुठीत मिटला, आणि चन्नम्माच्या हातचा पेला आयुष्यात पहिल्यांदा, दोन्ही बहिणींच्या देखत, न बघता सरळ ओठांना लावला.

"थांबा जरा," चन्नम्मा म्हणाली. "अक्कानं नवा गवळी लावलाय. पाणी घालतोय असा तिला वहीम हाय. तेवढं नखावर घेऊन बघा की."